कतारमधली भाऊबंदकी

फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये आपला देश नसतो, त्यामुळे कुणाच्या नावाने ओरडायचं हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. कोल्हापुरात हा प्रश्न फार पूर्वी सुटला आहे. एरवी वर्षभर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी अशा फुटबॉल खेळणाऱ्या तालमींमध्ये आणि मंडळांमध्ये वाटलं गेलेलं हे गाव चार वर्षांनी एकदा सरळ दोन भागांत उभं राहतं: ब्राझील आणि अर्जेंटिना. चौकात कटआउट लागतात, गल्लीवर पताका चढतात. अधूनमधून एखादा जर्मनीवालाही भेटतो, त्याला लोक सांभाळून घेतात.

मी मात्र कुठल्याच पेठेत बसत नाही. मी टॉटनमचा. लंडनच्या उत्तर भागातला हा क्लब मी का धरला, याला धड उत्तर नाही. गॅरेथ बेल नावाचा एक पोरगा डाव्या बाजूने वाऱ्यासारखा सुटायचा, तो बघता बघता अडकलो आणि पोरगा माद्रिदला गेला तरी मी तिथेच राहिलो. सांगायचा मुद्दा असा, की वर्ल्ड कप आला की माझा देश म्हणजे क्लब, आणि तो क्लब तेव्हा आठ-दहा देशांत पांगलेला असतो. भाचा अर्जेंटिनाचा. तो दर वेळी विचारतो, "मामा, तुम्ही नेमके कुणाकडनं?" मी म्हणतो, सगळ्यांकडनं. त्याला हे पळपुटं उत्तर वाटतं. तसं ते आहेही.

२०२२ मध्ये कतारला टॉटनमचे बरोबर अकरा जण गेले होते. एक संघच म्हणा. मी कागदावर मांडूनही पाहिला. गोलमध्ये फ्रान्सचा कप्तान ह्युगो लोरिस. मागे अर्जेंटिनाचा रोमेरो, इंग्लंडचा डायर, वेल्सचा बेन डेव्हिस. डाव्या कडेला क्रोएशियाचा पेरिसिच. मध्ये डेन्मार्कचा होयबियर, उरुग्वेचा बेंटांकुर आणि सेनेगलचा वीस वर्षांचा पापे सार. पुढे दक्षिण कोरियाचा सोन, इंग्लंडचा कप्तान हॅरी केन आणि ब्राझीलचा रिचार्लिसन. उजव्या कडेला कुणीच नाही. पण त्या मोसमात क्लबलाही उजव्या कडेला धड माणूस सापडत नव्हता, तेव्हा माझा कागदी संघ अगदी खराखुरा उतरला होता.

आता असा अकरा जणांचा गोतावळा बत्तीस देशांच्या स्पर्धेत सोडला की काय होतं? भाऊबंदकी होते. सुरुवातीलाच उरुग्वे आणि कोरिया समोरासमोर आले. बारा दिवसांपूर्वी बेंटांकुरने लीड्सविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारून आम्हाला ४-३ जिंकून दिलं होतं. सोन तर त्या सामन्यात नव्हताच, कारण नोव्हेंबरच्या पहिल्याच तारखेला मार्सेयमध्ये खेळताना त्याच्या डाव्या डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि गडी काळा मुखवटा घालून कतारला हजर. सामना ०-० सुटला. माझ्यासारख्याला याहून सोयीचा निकाल नाही.

पण गटातल्या शेवटच्या दिवशी, २ डिसेंबरला, सोय संपली. कोरिया पोर्तुगालशी १-१ बरोबरीत, भरपाईची मिनिटं सुरू, आणि सोनला स्वतःच्या अर्ध्यात चेंडू मिळाला. तो जवळजवळ सगळं मैदान एकटा धावला. पोर्तुगालचे बचावपटू भोवती गोळा झाले. तो थांबला, आणि एकाच्या पायांमधून त्याने ह्वांग ही-चानला चेंडू दिला. २-१. मग कोरियाचा सगळा संघ मैदानातच कोंडाळं करून मोबाइलवर दुसरा सामना बघत बसला. तिकडे उरुग्वे घानाविरुद्ध २-० पुढे होता आणि त्यांना आणखी एकच गोल हवा होता. तो झाला नाही. कोरिया पुढे, उरुग्वे घरी. बेंटांकुर तर त्याच सामन्यात पहिल्या अर्ध्यातच दुखापतीने बाहेर आला होता. सोन रडत होता, आनंदाने. आणि मी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून बसलो.

त्यानंतर तर एकाने दुसऱ्याला बाहेर काढायचं, दुसऱ्याला तिसऱ्याने, असा क्रमच लागला. सोनच्या कोरियाला रिचार्लिसनच्या ब्राझीलने ४-१ घालवलं. त्यातला एक गोल रिचार्लिसनचा, आणि त्यावर ब्राझीलचे प्रशिक्षक तिते यांनी भर सामन्यात खेळाडूंबरोबर त्याचा ठरलेला कबुतराचा नाच केला. रिचार्लिसनच्या ब्राझीलला पेरिसिचच्या क्रोएशियाने पेनल्टींवर काढलं. पेरिसिचच्या क्रोएशियाला रोमेरोच्या अर्जेंटिनाने ३-० झोपवलं. दुसऱ्या अंगाला वेल्सला आणि सेनेगलला केनच्या इंग्लंडने तीन-तीन गोल घातले. चौसष्ट वर्षांनी वर्ल्ड कप बघणारा वेल्स तिथेच संपला, सारचा सेनेगलही. होयबियरचा डेन्मार्क गटात फ्रान्सकडून हरला आणि मग ऑस्ट्रेलियाकडून. डायर बहुतेक वेळ राखीव बाकावर. उरले केन आणि लोरिस, आणि त्यांची गाठ उपांत्यपूर्व फेरीत पडायची होती.

१० डिसेंबरचा तो सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. गल्ली शांत होती, कारण ब्राझीलवाले आदल्याच रात्री संपले होते आणि अर्जेंटिनावाले जिंकून दमले होते. लोरिस २०१२ पासून टॉटनममध्ये. केन तर अकादमीतून वर आलेला. म्हणजे दहा वर्षं सरावाच्या मैदानावर एकाने पेनल्टी मारायची आणि दुसऱ्याने अडवायची, हे त्यांनी किती वेळा केलं असेल ते तेच जाणोत. त्या रात्री लोरिस फ्रान्सकडून १४३ वा सामना खेळत होता. लिलियन थुरामचा १४२ चा विक्रम त्याने मागे टाकला होता. आणि केनला वेन रुनीच्या इंग्लंडकडून ५३ गोलांच्या विक्रमाची बरोबरी करायला एक गोल हवा होता. घरातल्या दोघांच्या विक्रमाला एकच मुहूर्त!

५४ व्या मिनिटाला इंग्लंडला पेनल्टी. केनने मारली, गोल. १-१. रुनीची बरोबरी झाली. मी उठून उभा राहिलो आणि लोरिसचा चेहरा दिसताच पुन्हा बसलो. मग जिरूने फ्रान्सला २-१ पुढे नेलं. ८४ व्या मिनिटाला इंग्लंडला पुन्हा पेनल्टी. समोर तेच दोघे.

इथे तटस्थ माणसाला मजा येते, एका बाजूच्या माणसाला धाकधूक होते. माझं काय व्हावं याची सोयच नव्हती. गोल झाला तर लोरिस हरला, अडवला तर केन हरला. मनात हिशोब चालला होता, की केनने मारावा, बरोबरी व्हावी, मग जादा वेळेत काय ते दुसऱ्या कुणीतरी बघून घ्यावं. केनने मारला, आणि चेंडू आडव्या दांड्यावरून प्रेक्षकांत गेला. लोरिसने निदान अडवला असता तर तेवढं तरी पदरात पडलं असतं. इथे एकाचं गेलं आणि दुसऱ्याला श्रेयही मिळालं नाही. केनने तोंडात जर्सी धरली होती. इतकी वर्षं या माणसाला गोल मारताना पाहिलं, पण पेनल्टी अशी उडवताना बघायला देशाची जर्सी लागली.

तसं हे आमच्याकडे नवं नाही. २०१८ मध्ये रशियात उपांत्य फेरीतल्या चार संघांत मिळून टॉटनमचे नऊ जण होते. बेल्जियमच्या आल्डरव्हेरल्डने वळून मारलेला जोरदार फटका फ्रान्सच्या लोरिसने झेप घेऊन बाहेर काढला. चारच दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात डायरने गोलकीपरच्या डोक्यावरून उचललेला चेंडू गोलरेषेवरून घसरत येऊन कुणी काढला? आल्डरव्हेरल्डनेच. लोरिसने कप उचलला, केनला सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट मिळाला. ज्या क्लबने २००८ नंतर एक साधा लीग कप जिंकला नव्हता, त्याच्या घरात जगज्जेता कप्तान राहत होता! तेव्हा शेजारपाजारच्या आर्सेनलवाल्यांना दाखवायला हे बरं होतं. पण कपाटात ठेवता येत नव्हतं.

२०२२ ला उलटं झालं. अंतिम सामन्यात एका बाजूला लोरिस, दुसऱ्या बाजूला रोमेरो. म्हणजे कप आमच्या घरी येणार हे नक्की, फक्त कुणाच्या खोलीत ते ठरायचं होतं. लोरिस जिंकता तर दोनदा कप उचलणारा पहिला कप्तान ठरता. ३-३ नंतर पेनल्टी आल्या, अर्जेंटिनाच्या चारही आत गेल्या, लोरिसला एकही अडवता आली नाही. खाली रस्त्यावर फटाके सुरू झाले. भाचा धावत वर आला, "मामा, आमचा रोमेरो!" मी म्हटलं, अरे, तो आमचा. गेल्या दीड वर्षात त्याची पिवळी कार्डं मी मोजली आहेत, तू नाहीस.

या सगळ्यातून क्लबला काय मिळतं? पैसे मिळतात, तेही बऱ्यापैकी. खेळाडू सोडल्याबद्दल फिफाने त्या स्पर्धेसाठी ४४० क्लबांना मिळून २० कोटी ९० लाख डॉलर वाटले. माणशी दिवसाला साधारण १०,९५० डॉलर पडले. बाकावर बसलेल्या डायरचेही तेवढेच. पण क्लबच्या चाहत्याला त्यातला छदाम मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ती परत येणाऱ्यांच्या अंगावरची बँडेजं मोजण्याची कामगिरी. बेंटांकुर आणि रिचार्लिसन दोघेही जायबंदी होऊन परतले.

रिचार्लिसनचं प्रकरण तर मला अजून नीट पचलेलं नाही. सर्बियाविरुद्ध त्याने डाव्या पायाने चेंडू वर उडवला, अंग फिरवलं आणि हवेतच कात्री मारून गोल केला. स्पर्धेतला सर्वोत्तम गोल ठरला तो. हाच माणूस टॉटनमसाठी त्या अख्ख्या लीग मोसमात एक गोल करू शकला. एक! तोही एप्रिलच्या शेवटच्या दिवशी लिव्हरपूलच्या मैदानावर, ९३ व्या मिनिटाला. बरोबरी झाली म्हणून शर्ट काढून कबुतर झाला, पिवळं कार्ड घेतलं, आणि तेवढ्यात झोटाने गोल करून सामना पुन्हा लिव्हरपूलच्या खिशात घातला.

लोक म्हणतात, देशासाठी जीव ओततात आणि क्लबसाठी पाट्या टाकतात. मला ते पटत नाही. ब्राझीलमध्ये रिचार्लिसन मधोमध नऊ नंबरवर उभा असे आणि कडेने व्हिनिसियुस, राफिन्या, मागून नेमार त्याला चेंडू पुरवत. टॉटनममध्ये मधली जागा केनची. याला कडेला ढकलायचं, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला उतरवायचं. पेरिसिचचंही तेच. क्रोएशियात तो पुढे खेळणारा विंगर, आमच्याकडे प्रशिक्षक कोन्तेंच्या पद्धतीत अर्धा बचावपटू. माणूस तोच, जागा वेगळी. चार आठवड्यांची स्पर्धा बघून कुणाची किंमत करणारे क्लब म्हणूनच फसतात. खेळाडू तर विकत आणता येतो, व्हिनिसियुसचा पास बरोबर येत नाही.

वर्ल्ड कप संपून आठ दिवस झाले आणि २६ डिसेंबरला ब्रेंटफर्डच्या मैदानावर लीग पुन्हा सुरू झाली. ०-२ मागे पडून २-२ केलं. गोल कुणाचे? केन आणि होयबियर, कतारहून पडलेल्या चेहऱ्याने आलेले दोघे. पेनल्टी हुकवलेल्या केनने त्या मोसमात लीगमध्ये ३० गोल मारले. आणि दोन वर्ल्ड कप फायनल खेळलेला लोरिस? परतल्यावर व्हिलाविरुद्ध हातातला चेंडू सुटला, आर्सेनलविरुद्ध स्वतःच्याच जाळ्यात गेला. एप्रिलमध्ये न्यूकॅसलने एकविसाव्या मिनिटापर्यंत पाच गोल घातले, मध्यंतरानंतर तो उतरलाच नाही, आणि टॉटनमसाठी पुन्हा कधीच खेळला नाही. आम्ही आठवे आलो.

पुढे केन जर्मनीत बायर्नला गेला. तरी १४ जुलै २०२४ ला बर्लिनमध्ये इंग्लंड युरोची फायनल स्पेनकडून हरलं, तेव्हा रात्री अडीच वाजता मी आमचंच कुणीतरी हरल्यासारखा बसलो होतो. झोपण्यात अर्थ नव्हता, कारण सकाळी मायामीत कोपा अमेरिकाची फायनल होती: रोमेरोचा अर्जेंटिना आणि कोलंबिया. कोलंबियाच्या बचावात दाविन्सन सांचेस, वर्षभरापूर्वीपर्यंत आमचाच. जादा वेळेत ११२ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या लाउतारोने एकमेव गोल केला आणि त्याला सुरेख पास दिला जिओवानी लो सेल्सोने, जो तेव्हाही टॉटनमचाच होता, पण ज्याला टॉटनममध्ये खेळवायला कुणालाच जागा सापडत नव्हती. भाच्याने सकाळीच फोन करून विचारलं, हा कोण मामा, फार भारी पास दिला की! मी अभिमानाने सांगितलं, आमचा आहे. पुढच्या महिन्यात क्लबने त्याला स्पेनच्या बेतिसला देऊन टाकलं.