घाटाच्या अलीकडं दोन रात्री, पलीकडं दोन रात्री

वारीला जायचं म्हटलं की पुण्यातली माणसं पहिलं विचारतात, रोज किती किलोमीटर चालायचं? मी म्हणतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, झोपायचं कुठं. पाय चालतात हो, टाळ सुरू झाला आणि पुढच्याची टाच दिसत राहिली की पाय आपोआप पडतात, पण रात्री दीड वाजता सतरंजीखाली पाणी शिरलं आणि उरलेली रात्र वळकटीवर बसून काढली की दुसऱ्या दिवशी अभंग नुसते कानावरनं जातात, आत काही जात नाही.

आमचा सोसायटीतल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांचा एक घोळका माउलींच्या पालखीबरोबर जातो. एका दिंडीला जोडलेले आहोत, भिशीचे, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचे, पैसे भरायचे, जेवण आणि राहुटी दिंडीची, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. आमच्या घोळक्यापुरतं मुक्कामाचं बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण माझ्याकडं मोटरसायकल आहे आणि वैशाखातल्या रविवारी मला काही काम नसतं असं बाकीच्यांचं ठाम मत आहे.

आता दिंडी असताना वेगळं काय बघायचं असं वाटेल. तर नंबरच्या, म्हणजे पालखीकडं नोंद असलेल्या, दिंड्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात, शेतमालक ओळखीचा असतो, राहुटी कुठल्या बांधाला लागायची हे सुद्धा ठरलेलं असतं, ते बदलायच्या फंदात पडू नये. पण आमच्यात साठीच्या पुढच्या बायका जास्त, एकीचा गुडघा बदललेला, एकाला शुगर, आणि दोन पोरं अशी की आयुष्यात कधी गादीशिवाय झोपली नाहीत. एवढ्यांना घेऊन दिवे घाट चढायचा तर आधीची रात्र आणि नंतरची रात्र नीट लावावीच लागते.

तारखांचं गणित तिथीवर चालतं हे नव्या माणसाला सांगून सुद्धा डोक्यात शिरत नाही, ऑफिसात रजा टाकायची असते ना. माउलींचं प्रस्थान आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला, तुकोबांचं देहूहून आदल्या दिवशी सप्तमीला. इंग्रजी तारीख दरवर्षी उड्या मारते, २०२३ ला आषाढी २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. त्यात तिथीची वृद्धी नाहीतर क्षय झाला की वाटेतला एखादा मुक्काम वाढतो किंवा कमी होतो, म्हणजे लोणंदला कधी एक रात्र कधी दोन. त्यामुळं आळंदी संस्थानचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय कुणाला तिकीट काढू देत नाही मी.

पण त्या वेळापत्रकात एक गोष्ट आहे जी बघून सुद्धा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पालखी पुण्यात दोन रात्री असते आणि सासवडला पण दोन रात्री. मधला टप्पा सगळ्या वारीतला सगळ्यात मोठा, तीसएक किलोमीटर, आणि त्यातच दिवे घाट. म्हणजे घाटाच्या अलीकडं एक दिवस हातात, पलीकडं एक दिवस हातात. ज्यानं कुणी हे लावलं त्याला माणसाच्या पोटऱ्या माहीत होत्या. तरी लोक काय करतात, पुण्यातला मोकळा दिवस घरी जाऊन लोळण्यात घालवतात, मग पहाटे तीनला उठून सिंहगड रोडवरनं भवानी पेठेत पोचायची धडपड, रस्ते बंद, रिक्षा नाही, माउलींचा मुक्काम असतो त्या पालखी विठोबाच्या देवळापाशी पोचेपर्यंतच अर्धा जीव गेलेला, आणि त्यावर तीस किलोमीटर.

आम्ही काय करतो, पुण्यातल्या पहिल्या दिवशी दर्शन उरकून घेतो, भवानी पेठेत पालखी विठोबाला माउली आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबा, दोन्हीकडं. त्या दिवसांत पेठांत फिरायला मला फार आवडतं, शाळा उघड्या, वाडे उघडे, कुठं फुकट दाढी करून देतायत कुठं चपला शिवून देतायत, आणि एरवी पार्किंगवरनं भांडणारे लोक वारकऱ्यांचे पाय चेपतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून सगळे हडपसरला. आमच्यातल्या एका काकींच्या मामेबहिणीचा गाडीतळाजवळ फ्लॅट आहे, हॉलमध्ये बायका, गच्चीवर पुरुष. पहाटे गडबड नाही, अंघोळ करून चहा घेऊन रस्त्याला येऊन उभं राहायचं, पालखी आपल्याकडं येते. हडपसरला दोन्ही पालख्या वेगळ्या होतात, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला आणि माउली सासवड रस्त्याला, ते पण बघायला मिळतं. टप्प्यातले आठ-नऊ किलोमीटर वाचले. यात पाप आहे का? आमच्या दिंडीतल्या एका आजोबांचं म्हणणं आहे, आहे. पण ते पंचाहत्तरीला आळंदीपासून अनवाणी चालतात, त्यांच्याशी काय वाद घालणार.

घाटाबद्दल नव्यानं काय लिहू, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फोटोत न येणारं सांगतो. वडकी नाल्याचा विसावा झाला की उजेड एकदम पांढरा होतो, पाऊस नसेल तर घाटाच्या पायथ्याला उन्हाचा नुसता भपकारा येतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की समजायचं चढ सुरू झाला. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दोन वळणं आधीच येतो. त्या दिवशी घाटात निम्मं पुणं असतं, कॉलेजची पोरं, आयटीवाले, एक दिवसाची वारी करून संध्याकाळी सासवडहून बसनं परत जाणारे. त्यांना मी नावं ठेवत नाही, तेवढं तरी चालतात. पण परतीच्या बसची ती लाईन बघितली की वाटतं ह्यापेक्षा तिथंच कुणाच्या तरी ओसरीवर पडलेलं परवडलं.

आणि घाट संपला की सगळ्यांना वाटतं पोचलो. तिथंच फसगत होते. झेंडेवाडीला विसावा असतो, लोक आडवे होतात, आणि मग कळतं की सासवड अजून दोन-अडीच तासांची चाल आहे, तीही अंगातलं सगळं घाटात सांडून झाल्यावर. अंधार पडत आलेला, गर्दीत आपली दिंडी पुढं गेलेली, सासवडात राहुटी कुठं लागलीय माहीत नाही, फोनला रेंज नाही. एवढी माणसं एका ठिकाणी आल्यावर नेटवर्क बसतंच, लोकेशन पाठव म्हणून काही उपयोग नसतो.

म्हणून आमच्यातले जे पिकलेले आहेत ते त्या रात्री दिवे गावात थांबतात, घाटमाथ्यानंतरचं गाव. हे मी पहिल्यांदा सुचवलं तेव्हा दिंडीचे व्यवस्थापक चिडले होते.

"अशानं दिंडी फुटती. उद्या प्रत्येक जण म्हणेल मी इथं राहतो नि मी तिथं राहतो. हरवलं कुणी तर रात्री शोधायचं कुणी?"

त्यांचं चूक नव्हतं. घाटाच्या दिवशी माणसं हरवतात, दरवर्षी हरवतात. मी म्हटलं, "महाराज, माउली सासवडला दोन रात्री आहेत. आम्ही उद्या सकाळी दहाच्या आत पंगतीला हजर. नावं लिहून देतो, घराचा पत्ता लिहून देतो." कागदावर लिहून दिलं तेव्हा कुठं गप्प झाले, आता तेच विचारतात, यंदा दिव्यात कोण कोण?

दिव्यात ज्यांच्याकडं उतरतो त्यांची अंजिराची आणि सीताफळाची बाग आहे, पुरंदर तालुक्याचा हा भाग त्यासाठीच प्रसिद्ध. वैशाखात जागा बघायला फिरत होतो तेव्हा त्यांच्या गोठ्यापाशी पाणी प्यायला थांबलो होतो, तेवढ्यावर ओळख. पैशाचं विचारलं तर त्यांची आई म्हणाली, "माउलींच्या माणसाकडनं पैसं घिऊन कुठं फेडू?" मग आम्ही येताना चहापत्ती आणि साखर आणतो, ती मात्र ठेवून घेतात. पडवीत आठ-दहा माणसं निवांत झोपतात, पुढं कोबा केलेला आहे त्यामुळं खालून ओल नाही. गेल्यावर पहिलं म्हणजे म्हातारी घंगाळात कोमट पाणी मीठ टाकून आणून ठेवते आणि त्यात पाय बुडवल्याशिवाय चहा देत नाही. काकींच्या करंगळीला फोड आला होता, त्यांनी सुई काढली तर म्हातारीनं हात धरला, म्हणाली सुईत दोरा ओवून आरपार घाल आणि दोरा आतच ठेव, पाणी निथळून जातं, कातडं काढायचं नाही. वारीतला हा उपाय जुनाच आहे, सुई तेवढी गरम करून घ्या आणि शुगरवाल्यांनी हे करू नका, त्यांनी सरळ वाटेतल्या दवाखान्याच्या तंबूत जावं. रात्री घाटमाथ्यावर वारा असा सुटतो की जून असला तरी घोंगडी लागते, पुण्यातून निघताना "कशाला ते ओझं" म्हणणारी पोरं तिथं एका चादरीसाठी भांडतात.

सकाळी उठून आरामात सासवड. दिंडीतल्या बाकीच्यांचे चेहरे सुजलेले असतात आणि आमच्या साठीच्या पुढच्या बायका फुगड्या घालायला मोकळ्या. सासवडचा तो दिवस माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या समाधीसाठी, कपडे वाळवायला आणि झोपायला. संध्याकाळी मात्र पालखी तळावर समाजआरती चुकवू नका. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात, आणि चोपदार चांदीचा दंड वर करून हाक देतो तसे सगळे टाळ थांबतात. म्हणजे ज्यांची तक्रार आहे ते सोडून. जागा मिळाली नाही, पाण्याचा टँकर आला नाही, असं काही असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते, चोपदार तिथं जाऊन काय ते ऐकून घेतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर कुणाचं काय हरवलं सापडलं ते सांगतात आणि उद्याची वेळ सांगतात. ऑफिसातल्या आमच्या मीटिंगांना हे शिकवायला पाहिजे.

राहुटीचं थोडं सांगतो. दिवसा जागा मिळाली की आधी उतार बघायचा, जमीन सपाट दिसते पण नसते. राहुटीभोवती वीतभर खोल चर खणायचा आणि त्याला उताराकडं तोंड ठेवायचं, ढग नसले तरी खणायचाच. डोकं वरच्या अंगाला. आणि खूण. रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाला शेकडो राहुट्या सारख्याच दिसतात, आम्ही बांबूला लाल बादली उलटी टांगतो आणि खाली एक छोटा चार्जिंगचा दिवा. मागं एकदा शेजारच्या दिंडीतले एक आजोबा बादली बघून आमच्यात येऊन झोपले, सकाळी काकड्याला उठल्यावर कळलं की ते आपले नव्हेत. चहा पिऊन गेले. बायकांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिरती शौचालयं किती लांब आहेत आणि वाटेवर उजेड आहे का, पूर्वी हे हाल विचारू नयेत असे होते, आता पुष्कळ सुधारलंय तरी मी पोचल्या पोचल्या ती वाट स्वतः चालून बघतो. फार जवळची जागा पण नको, वास येतो.

पुढं जेजुरी, तिथं गडावर जायचं की नाही हे आधी ठरवा, कारण पायऱ्या चढून आल्यावर रात्री मांड्या भरून येतात. भंडारा सतरंजीत जातो तो पंढरपूरपर्यंत निघत नाही. वाल्ह्याला काळी जमीन असेल तर पावसात चिखल असा की खुंटी धरतच नाही, तिथं ओळखीच्या घराची ओसरी किंवा शाळेचा व्हरांडा आधी सांगून ठेवलेला बरा. मग नीरा ओलांडायची, दत्तघाटावर पादुकांना स्नान होतं आणि सातारा जिल्हा लागतो, पुढचा मुक्काम लोणंद. ज्यांची रजा संपते त्यांना मी लोणंदपर्यंतच या म्हणतो, कारण जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद सगळीकडं पुणे मिरज लाईनचं स्टेशन आहे, पाय फारच गेले तर कुठूनही गाडीत बसता येतं. त्यापुढं तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते असा सपाटीचा रस्ता, तिथं चढाचा त्रास नाही पण ऊन आणि डांबर. पालखी मार्ग रुंद झाला, चालायला मोकळं झालं हे खरं, पण जुनी वडाची झाडं गेली तिथं दुपारी पाठ टेकायला सावली शोधावी लागते, त्यामुळं दुपारच्या विसाव्याची जागा पण आता मुक्कामासारखी आधी हेरून ठेवतो.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं आषाढी एकदम २५ जुलैला जाते. म्हणजे घाटात ऊन कमी लागेल पण पाऊस भर जोरात असणार, वाल्ह्याच्या शेतांचा भरवसा नाही. त्यामुळं त्या वर्षी ताडपत्री एक जास्तीची, चर खणायला दोन टिकाव, आणि दिव्याच्या आजींना आधी फोन करून विचारायचं की पडवी गळत तर नाही ना, गळत असली तर पत्र्याचे दोन तुकडे आपणच घेऊन जायचे.