सहा इंजेक्टर, दोषी दोन: जुन्या डिझेल ट्रकच्या दुरुस्तीची नोंद

२,१४,३८० किमी

गेले काही आठवडे ट्रक सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेत होता. पूर्वी दुसऱ्या फेरीलाच पकडणारे इंजिन आता आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्याखेरीज दाद देत नव्हते. सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटे डोळ्यांना झोंबणारा पांढुरका धूर येई, आयडलिंगला संपूर्ण केबिन थरथरे, आणि चढावर भार घेताना एक सिलिंडर मागे राहिल्यासारखे वाटे. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटली, कारण डिझेल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंगांवर टिकत नाही. त्या दिवसापासून ट्रक रस्त्यावर काढणे बंद केले.

एका वर्कशॉपमध्ये दाखवल्यावर स्कॅनर लावून दहा मिनिटांत निर्णय मिळाला, की सहाही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेले आहेत आणि पूर्ण संच नवीन टाकावा लागेल. सांगितलेली रक्कम ट्रकच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. मी विचारले, की कोणत्या इंजेक्टरचे काय मोजले? त्यावर ‘कोड आला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आलेला कोड रेलमधील, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक जाड नळीमधील, दाब कमी असल्याचा होता. तो इंजेक्टरकडे बोट दाखवू शकतो, तसाच पंपाकडे, रेलवरील दाबमर्यादा झडपेकडे, तुंबलेल्या फिल्टरकडे किंवा नळीतून हवा धरण्याकडेही दाखवू शकतो. एवढ्या आधारावर एवढा खर्च करणे मला पटले नाही. दुरुस्ती महाग आहे हे मान्यच आहे. परंतु त्या खर्चाचा मोठा भाग इंजेक्टरचा नसून न मोजता काढलेल्या निष्कर्षाचा असतो, असे माझे मत आहे, आणि ही नोंद मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

२,१४,३८६ किमी

आधी स्वस्त गोष्टी उरकल्या. फिल्टर बदलला, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचा एक तुकडा पारदर्शक लावून बुडबुडे येतात का ते पाहिले (आले नाहीत), आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या कापडावर झटकला. उजेडात चमकणारा धातूचा कण एकही दिसला नाही. पंपाच्या मीटरिंग व्हॉल्व्हवरची (पंपात किती डिझेल जावे ते ठरवणाऱ्या झडपेवरची) बारीक जाळीही स्वच्छ होती. हे पाहणे सर्वांत आधी का करावे, ते नवख्यांसाठी सांगतो. हाय प्रेशर पंप आतून झिजून धातूचा भुगा सोडू लागला असेल, तर तो भुगा रेल, नळ्या आणि इंजेक्टर या सर्वांत पोहोचतो, आणि मग एक-दोन भाग बदलून काहीच साधत नाही. टाकी धुण्यापासून सर्व इंजेक्टर बदलण्यापर्यंत संपूर्ण काम करावेच लागते. तशा प्रसंगी वर्कशॉपचा सल्ला योग्यच ठरला असता. माझ्याकडे ती वेळ आलेली नव्हती.

त्यानंतर स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे आयडलिंग दुरुस्तीचे आकडे पाहिले, म्हणजे इंजिन एकसारखे चालावे म्हणून इसीयू (इंजिनचा संगणक) कोणत्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त देतो ते. १, २, ३ आणि ५ हे चौघे एका मिलिग्रॅमच्या आत होते. चौथ्याला इसीयू दर स्ट्रोकला ३.८ मिलिग्रॅम जास्त डिझेल देत होता, तर सहाव्याला २.६ मिलिग्रॅम कमी. इथे घाई करू नये. आकडा वाढलेला आहे याचा अर्थ ते सिलिंडर दुबळे आहे इतकाच. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) कमी असले तरी हाच आकडा येतो. म्हणून सेल्फ फिरत असताना बॅटरीतून ओढल्या जाणाऱ्या करंटवरून सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन ताडून पाहिले. करंटच्या आलेखातले सहाही उंचवटे सारखे आले आणि मन थोडे शांत झाले.

२,१४,३८६ किमी, दुसरा दिवस

आज रिटर्नची चाचणी केली. तिचे महत्त्व कळण्यासाठी इंजेक्टरच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल. ज्यांनी जुन्या इनलाइन पंपांवर हात बसवला आहे त्यांना नोझल (इंजेक्टरचे फवारणारे टोक) हातपंपावर लावून ते किती दाबाला उघडते आणि फवारा कसा पडतो, एवढे पाहण्याची सवय असते. बॉशने १९२७ साली इनलाइन पंपाचे मोठे उत्पादन सुरू केले तेव्हापासून ती पद्धत पिढ्यानुपिढ्या पुरली. कॉमन रेलच्या इंजेक्टरला ती लागू पडत नाही. यात पंप डिझेल दाबून रेलमध्ये साठवून ठेवतो. हा दाब आयडलिंगला साधारण ३०० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) आणि पूर्ण भाराला १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. इंजेक्टरमधील सुईच्या टोकाशी आणि माथ्यावर, दोन्हीकडे रेलचाच दाब असतो, आणि माथ्याचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे सुई आपल्या जागी बसून राहते. सोलेनॉइडने (विद्युतचुंबकाने) वरची इवलीशी गोळी उचलली, की माथ्यावरचे डिझेल सूक्ष्म छिद्रातून रिटर्नच्या नळीत निघून जाते, तिथला दाब पडतो आणि सुई उचलली जाऊन फवारा सुटतो. म्हणजे निरोगी इंजेक्टरमधूनही थोडे डिझेल परत जातेच. परंतु त्या गोळीची बैठक झिजली, तर इंजेक्टर बंद असतानाही डिझेल परत वाहत राहते, आणि सेल्फवर मंद फिरणारा पंप जे कमावतो ते सगळे तिथून गळून जाते.

सहा इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या काढून सहा सारख्या, खुणा केलेल्या बाटल्यांत सोडल्या आणि गरम इंजिन तीन मिनिटे आयडलिंगला ठेवले. पहिल्या मिनिटातच चौथी बाटली इतरांच्या पुढे निघाली. शेवटी मोजले तेव्हा अनुक्रमे १८, २०, १९, ६२, २२ आणि ४१ मिलिलिटर भरले. खात्रीसाठी चौथ्याची हाय प्रेशर नळी काढून रेलच्या त्या तोंडावर योग्य आट्यांचे बंद बूच बसवले आणि सेल्फ मारला. आधी सेल्फवर जो दाब १४० बारपाशी अडकत होता, तो तीन सेकंदांत ३१० बारवर गेला आणि इंजिन पाच सिलिंडरांवर लगेच सुरू झाले. पंप निर्दोष असल्याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. (ज्या इंजिनांत रिटर्नची वाट हेडच्या आतूनच जाते, तिथे बाटल्या लावता येत नाहीत, तिथे एकूण रिटर्न मोजून नंतर एकेक तोंड बंद करत जाणे हाच मार्ग राहतो.)

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. इंजिन चालू असताना हाय प्रेशर नळीचा नट सैल करून ‘कोणते सिलिंडर मिस मारते’ ते पाहण्याची जुनी रीत इथे कधीही वापरू नका, आणि गळती बोटाने चाचपू नका. या दाबाची धार कातडीतून थेट आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण शस्त्रक्रियेची वेळ येते आणि हात गमावण्याचाही धोका असतो. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे, स्कॅनरवर रेलचा दाब शून्य झाल्याचे पाहावे आणि मगच पाना लावावा.

२,१४,३८६ किमी, इंजेक्टर बाहेर

आधी दोन दिवस गंज सैल करणारे तेल सोडून ठेवले होते, तरी चौथा इंजेक्टर सरकत्या हातोड्याच्या ओढणीने तासाभराच्या श्रमानंतर निघाला. नळी सुटताच तिचे आणि इंजेक्टरचे तोंड टोपणाने बंद करायचे, आणि प्रत्येकावर क्रमांक लिहायचा, हा नियम मी कटाक्षाने पाळला. आतील भागांमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. त्या मानाने हवेतली धूळ म्हणजे खडीच.

खरे आश्चर्य दुसऱ्या क्रमांकाने दिले. त्याच्या भोवती डांबरासारखा काळा, कडक थर साचला होता. तांब्याचा वॉशर काढून भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडेपासून आतल्या छिद्रापर्यंत केसाएवढी काळी वाट गेलेली स्पष्ट दिसली. म्हणजे ज्वलनातला वायू वॉशरखालून बाहेर निसटत होता. थंड इंजिनाला जो ‘चुक-चुक’ आवाज येत होता तो याचाच. इंजेक्टर मात्र बेंचवर (इंजेक्टर तपासण्याच्या यंत्रावर) चोख निघाला. सहाही टाकून देण्याच्या सल्ल्यात हा बिचारा केवळ एका वॉशरमुळे गेला असता, आणि नवीन इंजेक्टर त्याच घाण बैठकीवर बसवला असता तर त्याचीही तीच गत झाली असती.

टेस्ट बेंचवर सहाही इंजेक्टर तपासून घेतले. पूर्ण भार, आयडलिंग आणि प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) अशा वेगवेगळ्या दाबांना किती डिझेल फवारले जाते आणि किती परत जाते, याचा प्रत्येकाचा तक्ता छापून मागितला. तो न देणाऱ्याकडे काम देऊ नये असे मला वाटते. १, २, ३ आणि ५ मर्यादेत होते. चौथा उघडल्यावर गोळीच्या बैठकीवर आरशासारख्या चकाकीत एक करडा, धाग्याएवढा चर दिसला. नखाला तो लागतही नव्हता, पण ट्रक सुरू न होण्याचे कारण तोच होता. सहाव्याची सुई पूर्ण बसत नव्हती आणि टोकाशी थेंब धरत होता. ऑइलमध्ये डिझेल उतरत होते ते इथून.

चौथ्यात नवीन व्हॉल्व्ह संच आणि नवीन नोझल टाकून कॅलिब्रेशन करून घेतले. सहाव्याची मात्र आतली बोअरच ओरखडलेली असल्याने त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेला इंजेक्टर जुना देऊन घेतला. एकूण खर्च मूळ अंदाजाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी झाला. जुन्यांबरोबर नवे मिसळू नये असे पुष्कळ जण म्हणतात. जुन्यांचे बेंचवरचे आकडे मर्यादेत असतील तर मला त्यात अडचण दिसत नाही, कारण लहानसहान फरक इसीयू भरून काढतोच.

जिथे हात आखडता घ्यायचा नाही त्या वस्तू म्हणजे तांब्याचे वॉशर, इंजेक्टर धरून ठेवणारे बोल्ट आणि, कंपनीने तसे सांगितले असल्यास, हाय प्रेशर नळ्या. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, त्यामुळे ते दुसऱ्यांदा वापरू नयेत.

२,१४,३९२ किमी

झीज का झाली हे शोधल्याशिवाय नवे भाग बसवायचे नाहीत, असे ठरवले होते. टाकी उतरवली तेव्हा तळाला दोन ग्लास पाणी आणि गंजाचा गाळ निघाला. पाणी आले की वंगण तुटते आणि गंज चढतो. डिझेल हेच या पंपाचे आणि इंजेक्टरचे एकमेव वंगण आहे. म्हणूनच युरोपातील ईएन ५९० मानकात डिझेलच्या वंगणक्षमतेची कसोटी ठरवलेली आहे आणि चाचणीत उमटणाऱ्या झिजेच्या डागाला ४६० मायक्रॉनची मर्यादा आहे. मी फिल्टरखालचा पाण्याचा निचरा कित्येक महिने उघडलाच नव्हता; हा दोष सर्वस्वी माझा. टाकी धुतली, पाणी वेगळे करणारा आणखी एक फिल्टर टाकीजवळ बसवला आणि फिल्टर बदलण्याचे अंतर निम्म्यावर आणले.

इंजेक्टर बसवले, चौथ्या आणि सहाव्याचे नवीन कॅलिब्रेशन कोड (त्या इंजेक्टरची मापे सांगणारे) इसीयूत भरले, हातपंपाने हवा काढली, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. इंजिन दोन सेकंदांत सुरू झाले.

२,१४,४८१ किमी

जेमतेम नव्वद किलोमीटर झाले आणि दुसऱ्या क्रमांकापाशी तोच ‘चुक-चुक’ आवाज परत आला. पुन्हा उघडले. वॉशर नवा होता, पण बैठकीवरचा कार्बन मी कापडाने पुसून आणि बोटाने चाचपून ‘साफ’ समजलो होतो. आरसा आणि दिवा घालून पाहिले तेव्हा एका बाजूला चंद्रकोरीएवढा कडक पापुद्रा तसाच होता. बैठक घासण्याचे कटर वापरले, आणि ते करताना भुगा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून कटरला ग्रीस लावून, खाली बूच घालून काम केले. पुन्हा नवा वॉशर, नवा बोल्ट, टॉर्क पाना आणि त्यापुढे सांगितलेला कोन. या वेळी उरलेल्या पाचही बैठका आरशाने तपासल्या. त्या खरोखर स्वच्छ होत्या.

२,१६,३०० किमी

थंड इंजिन दीड ते दोन सेकंदांत पकडते आणि सेल्फवर दाब ३०० बारच्या वर जातो. पांढरा धूर नाही, आयडलिंग स्थिर आहे, आणि ऑइलची पातळी १,८०० किलोमीटरनंतरही बदललेली नाही. दुरुस्तीचे आकडे चौथ्याला ०.४, सहाव्याला उणे ०.३ आणि बाकी सर्व एकाच्या आत आहेत. बाटल्या पुन्हा लावल्या तेव्हा अनुक्रमे १९, २०, १९, १७, २५ आणि १८ मिलिलिटर आले. पाचव्याचा आकडा २२ वरून २५ झाला आहे. तो अजून मर्यादेत असला तरी पुढची मोजणी ५,००० किलोमीटरऐवजी २,५०० वरच करणार आहे, आणि तो ३५ च्या जवळ गेला तर फक्त त्यालाच बेंचवर नेईन.