बोट नेमकी कोणाची?

२९ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी आम्ही घरातले पाच जण पुण्याच्या पश्चिमेकडील एका धरणाच्या जलाशयावर गेलो होतो. मी, माझे पती, आठ वर्षांची मुलगी, सहासष्ट वर्षांच्या सासूबाई आणि धाकटी नणंद. पाऊस ओसरला होता, धरण काठोकाठ भरले होते आणि सिंहगड रस्त्यावरच्या अर्ध्या पुण्याला त्या दिवशी तेच सुचले होते. काठावर पत्र्याची शेड, तिच्यावर बोटिंगचा फलक, खाली माणशी दोनशे रुपये असा दर. मी क्यूआर कोड स्कॅन करून हजार रुपये भरले आणि पाच पावत्या घेतल्या. पन्नास रुपये जादा देऊन फोनसाठी गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवीही घेतली. त्या पिशवीबद्दल पुढे लिहावे लागणार आहे.

बोट फायबरची, मागे इंजिन असलेली. आतल्या बाजूला '८ + १', म्हणजे आठ प्रवासी आणि एक चालक, असे रंगवलेले होते, पण त्यावर कोणाची तरी बॅग टेकलेली असल्यामुळे ते आम्हाला तेव्हा दिसले नाही. चालक सोडून आम्ही अकरा प्रवासी होतो. लाइफ जॅकेट सात होती. ती आधी लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना द्यावीत असे मीच सुचवले आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले, हे आज लिहिताना संकोच वाटतो. मुलीला मिळालेले जॅकेट मोठ्या माणसाचे होते. ते तिच्या कानांपर्यंत वर येत होते, कमरेचे एक बक्कल तुटलेले होते आणि पायांमधून घ्यायचा पट्टा त्याला नव्हताच. चालकाने पट्टा ओढून एक गाठ मारून दिली.

काठापासून दोनेकशे मीटरवर मी चित्रीकरण करण्यासाठी उभी राहिले. माझे पाहून आणखी दोघे उभे राहिले आणि सगळे एकाच अंगाला झुकले. त्याच वेळी शेजारून वेगात गेलेल्या दुसऱ्या बोटीची लाट आली, आमच्या चालकाने बोट एकदम वळवली, कडेवरून पाणी आत आले आणि क्षणभरात आम्ही सगळे पाण्यात होतो. वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असले की बोटीची कड पाण्याच्या जवळ येते, माणसे उभी राहिली की भार वर सरकतो आणि मग साधी लाटही पुरेशी होते, हे मला नंतर समजले. मुलगी दिसत नव्हती. जॅकेट तरंगत होते, पण ती त्यातून खाली घसरत चालली होती, वर फक्त दोन्ही हात राहिले होते. जवळच जाळे लावणाऱ्या एका गावकऱ्याने होडीतून वाकून जॅकेट न ओढता थेट तिचे मनगट धरले. त्याने जॅकेट ओढले असते, तर हाती रिकामे जॅकेट आले असते. सासूबाईंचा डावा हात बोटीच्या कडेवर आपटून मनगटाचे हाड मोडले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही.

त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या होत्या. मे महिन्यात आपल्याच उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान सहा जणांचा मृत्यू झाला होता. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या, त्यावर हळहळले होते आणि तरीही अकरावी प्रवासी म्हणून बोटीत बसले होते.

पहिली चूक रुग्णालयात झाली आणि ती आमचीच होती. अपघात विभागात 'काय झाले' असे विचारल्यावर पतींनी घाईघाईने 'धरणावर पडल्या' असे सांगितले आणि केसपेपरवर पडल्यामुळे इजा एवढेच लिहिले गेले. बोट उलटली असे स्पष्ट सांगितले असते, तर तेव्हाच मेडिको-लीगल नोंद होऊन पोलिसांना कळवले गेले असते. ती नोंद दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विनंती करून करून घ्यावी लागली आणि तो एक दिवसाचा फरक पुढे विरुद्ध पक्षाने चांगलाच वापरला.

पोलिसांकडे तिसऱ्या दिवशी फिर्याद नोंदवली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असल्यामुळे कलमे नवीन होती. १२५ हे इतरांचा जीव धोक्यात आणण्याचे, २८२ हे हयगयीने बोट चालवण्याचे आणि २८४ हे भाडे घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या बोटीतून माणसे नेण्याचे. या शेवटच्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही एवढीच शिक्षा आहे, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या प्लेटच्या खर्चाइतकासुद्धा नाही." मनगटात बसवलेली प्लेट अर्थातच त्याहून महाग होती.

नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जावे, असे आम्हाला निदान चार जणांनी ठामपणे सांगितले. सदाशिव पेठेतल्या आमच्या वकीलबाईंनी तो विषय एका वाक्यात संपवला. मोटार वाहन कायद्यातले वाहन म्हणजे रस्त्यावर चालण्यासाठी बनवलेले, बोट त्यात बसत नाही. राहिले दोन मार्ग, दिवाणी दावा किंवा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष होती, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात जाण्याचे ठरले. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. जिल्हा आयोगाची अधिकारमर्यादा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते आणि ही रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आम्ही दिले होते हजार रुपये. पैसे माझ्या खात्यातून गेले असले, तरी माझ्या संमतीने सेवा घेणाऱ्या सासूबाई आणि मुलगीही कायद्याने ग्राहकच ठरतात, त्यामुळे तिघींच्या नावाने एकच तक्रार करता आली. आम्ही पुण्यात राहतो, म्हणून ती पुण्यात करता आली.

परंतु तक्रार कोणाविरुद्ध? या प्रश्नाने आमचे जवळजवळ तीन महिने घेतले. फलकावर एका बोट क्लबचे नाव होते. पावतीवर एका 'टुरिझम'चे रबरी शिक्क्यातले नाव होते, पत्ता नव्हता. पैसे गेले होते एका तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात. मी स्वतः हिशेबाच्या कामातली असल्यामुळे अशा तीन नावांचा अर्थ मला लगेच कळायला हवा होता. व्यवसाय एकाचा, परवाना दुसऱ्याचा, गल्ला तिसऱ्याचा. घटना घडल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणि चार नेमके प्रश्न. या जलाशयावर बोटिंगची परवानगी कोणाला आहे, परवानगीच्या अटी काय आहेत, त्या बोटीची नोंदणी व तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र आहे का, विमा आहे का. पहिल्या कार्यालयाने काही प्रश्न आपल्याकडचे नसल्याचे सांगून अर्ज दुसरीकडे वर्ग केला. तीस दिवसांत उत्तर न आल्यामुळे प्रथम अपील करावे लागले. अपिलानंतर मात्र आठ दिवसांत पाकीट आले आणि त्यातल्या कागदांनी प्रकरणाचे स्वरूपच बदलले. परवानगी चौथ्याच माणसाच्या नावावर होती! ती दुसऱ्याला चालवायला देता येणार नाही अशी अट होती आणि दर फेरीची प्रवासी नोंदवही ठेवण्याचीही अट होती. आमची नावे कोणीही लिहून घेतली नव्हती. अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. या बोटीबाबत त्या रकान्यांपुढे 'अभिलेखावर उपलब्ध नाही' असे लिहिले होते. त्या तीन शब्दांची प्रमाणित प्रत हा आमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम कागद ठरला.

याच दरम्यान १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री आमच्या घरी नातेवाइकांचे फोन येत राहिले आणि मुलगी प्रत्येक फोनच्या वेळी खोलीतून उठून जात होती.

जानेवारीत ऑनलाइन तक्रार दाखल केली. परवानाधारक, प्रत्यक्ष व्यवसाय चालवणारा आणि बोटचालक असे तीन जाबदेणार. सोबत पावत्या, बँकेचा उतारा, रुग्णालयाची बिले, फिर्यादीची प्रत, माहिती अधिकारातले कागद आणि माझे एक्केचाळीस सेकंदांचे चित्रीकरण. फोन त्या प्लास्टिकच्या पिशवीत असल्यामुळेच ते वाचले होते. ज्यांनी फोनसाठी वेष्टन विकायला ठेवले होते, त्यांच्याकडे अकरा माणसांना पुरतील इतकी जॅकेट नव्हती, हे वाक्य तक्रारीत घालण्याचा मोह मला झाला. वकीलबाईंनी ते खोडले. चित्रफितीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडले. त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेली अंकाक्षरांची खूण) लिहायचे असते, म्हणजे मूळ फाइलमध्ये पुढे फेरफार झाला तर तो उघड होतो. आयोगापुढे पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसले, तरी फटी ठेवायच्या नाहीत असे त्यांचे म्हणणे.

नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत आणि आयोगाने मुदत वाढवली तर आणखी पंधरा दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. जाबदेणारांचे म्हणणे चव्वेचाळिसाव्या दिवशी आले. परवानाधारक म्हणाला की बोट माझी नाही. चालवणारा म्हणाला की चालक रोजंदारीवरचा, त्याच्या कृतीला मी जबाबदार नाही. पावतीमागे 'प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर' असे छापलेले आहे. सासूबाई काठावर घसरून पडल्या, पाहा केसपेपर. आणि अखेरचा मुद्दा असा की चालकाने मनाई करूनही तक्रारदार क्रमांक १ बोटीत उभ्या राहिल्या व त्यामुळे बोट उलटली, हे त्यांनीच दाखल केलेल्या चित्रीकरणावरून सिद्ध होते.

तो परिच्छेद मी रात्रभर वाचत होते. अकरा डोकी, लोंबणारे बक्कल, मुलीच्या कानांपर्यंत आलेले जॅकेट, हे सगळे ज्या चित्रफितीत दिसत होते, ती मी उभी होते म्हणूनच निघाली होती. ती मागे घ्यावी का, असे मी विचारले. वकीलबाईंनी उत्तर दिले नाही. इअरफोन लावून त्यांनी ती सहा-सात वेळा ऐकली आणि मग एक इअरफोन माझ्या हातात दिला. इंजिनाच्या आवाजामागे, एकोणिसाव्या सेकंदाला, चालकाचा आवाज होता: "ताई, अजून जरा पुढं या, मागचा डोंगर येतोय त्यात." मला ते वाक्य आठवतही नव्हते. मी पुढे सरकले होते, तेही चित्रफितीत दिसते.

पावतीमागच्या ओळीचे उत्तर सोपे होते. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या ताब्यातून १९९८ साली चोरीस गेलेल्या मारुती झेनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे की, 'मालकाच्या जोखमीवर' असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. गाडीला जो न्याय, तो माणसाला का नाही, असा आमचा लेखी युक्तिवाद होता. केसपेपरच्या मुद्द्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र आणि त्या गावकऱ्याचे शपथपत्र दाखल केले. तो मनुष्य एका दिवसाची कमाई बुडवून पुण्यात आला. गाडीभाडेही त्याने नाइलाजानेच घेतले.

तारखांविषयी काय लिहावे? कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, आम्हाला चौदा लागले. त्यातल्या निम्म्या तारखांना काहीही घडले नाही.

निकालात आयोगाने परवानाधारक आणि व्यवसाय चालवणारा यांना वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या जबाबदार धरले. अटीचा भंग करून परवाना दुसऱ्याच्या हाती देणारा त्या भंगाच्या आड लपू शकत नाही आणि चालकाची कामातली चूक ही त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याची चूक आहे, असे कारण दिले. चालकावर वेगळी रक्कम बसवली नाही, ते मला योग्य वाटले, कारण त्याला दिवसाला काय मिळते ते उलटतपासणीच्या प्रश्नावलीत आले होते. मेडिक्लेमने न दिलेले बासष्ट हजार तीनशे रुपये, सासूबाईंना दीड लाख, मुलीला पन्नास हजार आणि खर्चाचे दहा हजार, पंचेचाळीस दिवसांत, न दिल्यास नऊ टक्के व्याजासह. माझ्या स्वतःच्या मानसिक त्रासाची मागणी मात्र नाकारली. चालकाने बोलावले असले, तरी लहान मुलगी सोबत असताना चालत्या बोटीत उभे राहणे सुज्ञ प्रवाशाचे वर्तन नव्हे, असे त्यात म्हटले आहे. पतींना अपील करावेसे वाटत होते, मी नको म्हटले.

रकमेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) त्रेचाळिसाव्या दिवशी आला. फौजदारी खटला अजून चालू आहे. त्यात मला साक्षीदार म्हणून समन्स मिळाले असून चित्रीकरण केलेला मूळ फोन सोबत आणण्यास सांगितले आहे. त्याच्या पडद्याला मध्यंतरी तडा गेला, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, पण साक्ष होईपर्यंत तो बदलायचा नाही आणि त्यातले काहीही पुसायचे नाही, अशी वकीलबाईंची सक्त ताकीद आहे.