१९६७ मॉड: हल्म अखेर चॅम्पियन झाला!

आरफॅक्टर या रेसिंग गेमसाठी मी फॉर्म्युला वनच्या १९६७ सीझनचा मॉड (खेळात घालायच्या गाड्या आणि ड्रायव्हर) बनवतोय. काल रात्री टेस्ट सीझनचा शेवटचा निकाल स्क्रीनवर आला आणि पॉइंट्स टेबलमध्ये सगळ्यात वर ब्रॅबम संघाचा डेनी हल्म होता. लोटसचा जिम क्लार्क तिसरा, आणि तोही चार शर्यती जिंकून! मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. गेल्या अपडेटपासून याच एका गोष्टीने डोकं खाल्लं होतं, म्हणून आज सगळं सविस्तर.

अडचण तुम्हाला माहीत आहेच. आरफॅक्टरमध्ये लोटस ४९ खऱ्या आकड्यांनिशी उतरवली की सीझन तिथेच संपतो. तिच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनची ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या घरात, ब्रॅबमच्या रेपको ७४० इंजिनची साधारण ३३०. एआयचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो, क्लार्क पहिल्या फेरीपासून पसार होतो आणि पुन्हा दिसत नाही. वेगापुरतं ते बरोबरच आहे. १९६७ मध्ये तिसऱ्या शर्यतीपासून, म्हणजे झँडवूर्टपासून मेक्सिकोपर्यंत, नऊच्या नऊ पोल (सुरुवातीची पहिली जागा) लोटस ४९ ने घेतल्या, सहा क्लार्कने आणि तीन ग्रॅहम हिलने. पण त्या नऊपैकी शर्यती जिंकल्या चारच.

डीएफव्हीची ताकद थोडी कापा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ते मुळीच पटत नाही. ताकद कापली की पोल जातात, आणि पोल गेल्या तर १९६७ राहिलंच कुठे? ती गाडी सगळ्यांत वेगवान होती आणि सगळ्यांत जास्त दगा देणारीही होती. ल मान्सला दोन्ही लोटस मागच्या डिफरन्शियलपायी थांबल्या, न्यूरबर्गरिंगला दोन्ही सस्पेन्शनपायी. मोंझाला हिल आघाडीवर असताना त्याचं इंजिन गेलं. याउलट हल्म अकरा शर्यतींत फक्त दोनदा, स्पा आणि मोंझाला, बाद झाला. ५१ गुण आणि अजिंक्यपद त्यातूनच आलं.

म्हणून सगळा जोर इंजिन फाइलमधल्या लाइफटाइमच्या, म्हणजे इंजिन किती टिकेल ते ठरवणाऱ्या, ओळींवर लावला. आधी सगळ्यांनाच सरासरी आयुष्य कमी आणि व्हेरिएशन (त्या सरासरीतला चढउतार) अगदी बारीक दिलं. परिणाम भयंकर: दोन्ही लोटस दर शर्यतीत जवळपास त्याच फेरीला धूर काढून थांबायच्या. हिलचा धूर दिसला की क्लार्कचा कधी दिसणार हे आधीच कळायचं. व्हेरिएशन वाढवलं तर एका सीझनला लोटस सगळं जिंकायची, पुढच्या सीझनला काहीच नाही. सरासरी आणि व्हेरिएशन हलवत बसलो, मधला रस्ता सापडेना.

तोडगा निघाला तो खरे निकाल शेजारी ठेवून वाचताना. क्लार्क आणि हिल यांची गाडी एकच, पण नशीब वेगळं! ४९ मधून हिल एकदा चौथा आणि एकदा दुसरा आला, बाकी सगळीकडे बाद. मग दोघांना एकच इंजिन फाइल कशाला? दोघांसाठी वेगळी एचडीव्ही (गाडीची मुख्य फाइल) केली आणि प्रत्येकीतून वेगळं इंजिन जोडलं. हिलचं आयुष्य कमी, क्लार्कचं थोडं जास्त पण व्हेरिएशन मोठं. हल्मच्या रेपकोला भरपूर आयुष्य. डॅन गर्नीच्या ईगल गाडीला हिलसारखंच केलं, कारण स्पा जिंकला आणि मोस्पोर्टला तिसरा आला, एवढं सोडलं तर ती गाडी शर्यत पूर्ण करत नव्हती. खेळातलं मेकॅनिकल फेल्युअरचं सेटिंग ‘टाइम स्केल्ड’वरच (शर्यतीच्या लांबीच्या प्रमाणात) ठेवा, नाहीतर निम्म्या लांबीच्या शर्यतीत सगळे ठणठणीत राहतात.

डिफरन्शियल, सस्पेन्शन, इग्निशन हे सगळं आता इंजिनच्याच धुरातून दिसतं. खेळात दुसरी सोय नाही, ते मी मान्य केलंय.

यातून एक गोष्ट आपसूक मिळाली. आयुष्य मोजायचं बेस आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मी ८५०० वर ठेवलंय. तुम्ही स्वतः ४९ चालवताना दर वेळी ९००० पर्यंत खेचलंत तर मेक्सिकोची शेवटची फेरी बघायला मिळणार नाही. ८५०० ला गिअर बदललात तर गाडी घरी येते. मला हे फार आवडलंय, आणि कोणी कितीही सांगितलं तरी काढणार नाही.

दुसरा आनंद क्यालामीचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या शर्यतीचा. जॉन लव्हच्या कूपर टी७९ मध्ये २.७ लिटर क्लायमॅक्स इंजिन आहे, आणि टाकी ८० फेऱ्यांना जेमतेम कमी पडेल इतकी ठेवली. काल पूर्ण लांबीची शर्यत लावली. लव्ह आघाडीवर होता, शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पिटमध्ये वळला आणि पेद्रो रॉड्रिगेझची कूपर-मासेराटी पुढे गेली. लव्ह दुसरा. १९६७ मध्ये हेच झालं होतं!

लिहिता लिहिता एक गोष्ट पक्की होतेय. एका सीझनला एकच फिल्टर, म्हणजे एका ड्रायव्हरला एकच गाडी, हा हट्ट सोडतो. क्लार्कने क्यालामीला लोटस ४३ चालवली, मोनॅकोला ३३, मग ४९. ब्रूस मॅकलॅरनचं तर विचारूच नका: आधी एम४बी, मधे तीन शर्यतींना गर्नीची ईगल, मग एम५ए. शिवाय फेरारीचा लोरेंझो बँडिनी. त्या वर्षी तो एकच शर्यत धावला, मोनॅको, आणि तिथल्या अपघातानंतर तीन दिवसांनी गेला. नऊ शर्यतींच्या यादीत त्याला जागाच नाही आणि त्याच्याशिवाय मला हा मॉड करायचा नाही. तेव्हा आता दोन सीझन: क्यालामी-मोनॅको वेगळा, झँडवूर्टपासून पुढचा वेगळा. गुणांची बेरीज वहीत करायची. तशीही पहिल्या सहांतले पाच आणि उरलेल्या पाचांतले चार निकाल धरायचे, हा नियम हातानेच लावावा लागतो.

जॉन सर्टीझला दुसऱ्या सीझनमध्ये होंडा आरए३०० देतोय. मोंझाला ब्रॅबमला ०.२ सेकंदाने हरवलेली गाडी सोडून जड आरए२७३ कोण घेईल?

टूल्सबद्दल एवढंच, की मेश (गाडीचा थ्रीडी आकार) तपासायला थ्रीडीसिमएड अजूनही झकास, पण नवीन बॉडी बनवायची तर ब्लेंडरच. आवाजाचं पॅक मात्र कुठूनही उचलू नका. मला मिळालेल्या एच१६ (सोळा सिलिंडरचं इंजिन) च्या आवाजात चक्क आठ सिलिंडरचं व्ही८ वाजतोय. जॅकी स्टुअर्टच्या बीआरएमला तो लावणार नाही, स्वतः जोडून बघतो.

पुढचं काम ख्रिस ॲमनच्या टॅलेंट फाइलचं (एआय ड्रायव्हरचं कौशल्य ठरवणारी फाइल). फेरारीत आल्या वर्षी चार वेळा तिसरा, एकही विजय नाही, तरी गुण सर्टीझइतकेच. वेग मध्यम आणि सातत्य जबरदस्त, असं धरून सुरुवात करतोय. कोणाकडे न्यूरबर्गरिंगसाठी जॅकी इक्सच्या मात्रा कंपनीच्या फॉर्म्युला टू गाडीचा चांगला मेश असेल तर कळवा, त्याच्यासाठी ग्रिडवर मागे जागा ठेवली आहे.