सात वाजले, दुकान बंद

सासूबाई सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला आल्या तो २०२३ चा नोव्हेंबर होता. चार-साडेचार वाजले की बाहेर अंधार, वरून पाऊस, आम्ही दोघं कामावर नाहीतर कामावरून येताना ट्रॅफिकमध्ये, आणि घरात आजी आणि साडेतीन वर्षांची नात. नातीला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये, आजींना इंग्लिश वाचता येतं पण इथल्या लोकांचे उच्चार डोक्यावरून जातात. मग दोघींच्या मध्ये टीव्ही. २०२ नंबरचं चॅनल, सीबीबीज. बीबीसीचं अगदी लहान मुलांसाठीचं. सकाळी सहाला सुरू होतं आणि संध्याकाळी सातला बंद, आणि बंद म्हणजे खरंच बंद हां. शेवटी कोणीतरी एक गोष्ट वाचून दाखवतं, गाणं होतं, आणि मग सकाळी सहाला परत येऊ अशी पाटी.

पहिल्या दिवशी सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या रिमोटवर माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं वाटतं. मी सांगितलं, नाही हो आई, ते रोज सातला बंदच होतं. त्यांना काही पटलं नाही, चालू असलेला टीव्ही कोण कशाला बंद करेल. तिसऱ्या दिवशी मात्र सात वाजता त्याच उठल्या आणि नातीला म्हणाल्या, "चल गं, दुकान बंद झालं त्यांचं." तेव्हापासून आमच्या घरात हाच शब्द आहे.

त्या काळात मला या चॅनलचं जे कौतुक वाटलं ते मोठ्या मुलाच्या वेळी कधी वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी टीव्ही लावून स्वयंपाकघरात पळायचे. आता आजी सगळं बघून मला रिपोर्ट द्यायच्या. त्यांचा सगळ्यात लाडका कार्यक्रम म्हणजे 'समथिंग स्पेशल', मिस्टर टम्बलवाला. २००३ पासून चालू आहे. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो किंवा शिकायला अडचण येते त्यांच्यासाठी म्हणून काढलेला, त्यात जस्टिन फ्लेचर नावाचा माणूस बोलता बोलता हातांनी खुणा करतो, त्या खुणांच्या पद्धतीला मॅकाटन म्हणतात. आता गंमत अशी की ज्यांच्यासाठी काढला ती मुलं तर बघतातच पण सगळी बाकीचीही बघतात. आमच्याकडे नात आणि आजी दोघी शिकल्या. हनुवटीला बोटं लावून हात पुढे आणला की थँक यू. सासूबाई दुकानात गल्ल्यावरच्या मुलीला हीच खूण करायच्या आणि एकदा त्या मुलीनं उलट खुणेनंच उत्तर दिलं. घरी येईपर्यंत तेच सांगत होत्या.

२०२१ पासून याच चॅनलवर जॉर्ज वेबस्टर नावाचा एक निवेदक आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो येतो, स्वयंपाक करतो, नाचतो, मुलांशी गप्पा मारतो. सासूबाईंच्या माहेरी गल्लीत असा एक मुलगा होता, त्याला घरातले बाहेर आणायचे नाहीत असं त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

तर सातला बंद होण्याचं. मला वाटायचं ही हल्लीची काहीतरी पालकत्वाची आयडिया असेल, पण नाही, ही या देशाची जुनी खोड आहे. इथे १९५७ पर्यंत संध्याकाळी सहा ते सात टीव्हीच बंद असायचा. म्हणजे सगळ्या देशाचा! मुलांचे कार्यक्रम सहाला संपायचे, मग एक तास काहीच नाही, त्या तासात आईबापांनी पोरांना झोपवायचं आणि सातनंतर मोठ्यांचे कार्यक्रम. टॉडलर्स ट्रूस म्हणायचे त्याला, म्हणजे लहानग्यांसाठी केलेला तह. आणि हा नियम कोणाच्या हातात, तर पोस्टमास्तर जनरलच्या, म्हणजे तेव्हाच्या टपालखात्याच्या मंत्र्याच्या. आपल्याकडे त्या वेळेला दिवेलागण, शुभंकरोति, पाढे, आणि इथे पोस्टमास्तरांचा हुकूम. १९५५ मध्ये आयटीव्ही हे जाहिरातींवर चालणारं चॅनल आलं, त्यांना रोज एक तास दुकान बंद ठेवणं परवडेना, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये तह मोडला.

हे आयटीव्ही लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

आमचा मोठा तेव्हा सात वर्षांचा होता, त्याचं सीआयटीव्हीवर प्रेम होतं, २०३ नंबर. आयटीव्हीचं मुलांचं चॅनल, २००६ मध्ये सुरू झालेलं, आणि त्याआधी १९८३ पासून मुख्य चॅनलवर रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला याच नावाखाली कार्यक्रम लागायचे. माझ्या ऑफिसमधली चाळिशीतली माणसं त्या कार्यक्रमांची गाणी अजून म्हणतात. तर १ सप्टेंबर २०२३ ला ते चॅनल बंद झालं. सगळं म्हणे आता अॅपवर, आयटीव्हीएक्स किड्स. मी त्याला जरा जपूनच सांगितलं, की रडेल वगैरे. तो म्हणाला, "ओके." टॅबलेटवरून मान पण वर नाही केली. ऑफिसमधला एक जण मात्र दोन दिवस उदास होता.

का बंद झालं म्हणाल तर सगळे म्हणतात यूट्यूब, आणि ते आहेच, पण मुळं जुनी आहेत. पूर्वी आयटीव्हीला कायद्यानं ठराविक तास मुलांचे कार्यक्रम दाखवावेच लागायचे. २००३ मध्ये नवीन कायदा आला आणि ती सक्ती गेली, किती दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मग ऑफकॉम म्हणजे इथली टीव्हीवर देखरेख करणारी संस्था, त्यांनी ठरवलं की मुलांच्या कार्यक्रमांच्या वेळेत जास्त साखर, मीठ, चरबीवाल्या खाण्याच्या जाहिराती नकोत. एप्रिल २००७ पासून टप्प्याटप्प्याने बंदी. आता मुलांच्या टीव्हीवर जाहिराती कशाच्या असणार, चॉकलेट, चिप्स, गोड सीरियल, बर्गर, नाहीतर खेळणी. खाण्याचे पैसे गेले. दाखवायची सक्ती नाही आणि दाखवून पैसे नाहीत, मग कोण कशाला दाखवेल. बंदी येणार हे दिसत असतानाच २००६ मध्ये आयटीव्हीनं मुलांचे कार्यक्रम बनवणारा आपला विभागच बंद केला होता, पुढे मुख्य चॅनलवरची दुपारची वेळ पण गेली.

मला अजून कळत नाही यात राग कोणावर काढायचा. जाहिरातबंदी चुकीची होती असं मी आई म्हणून कधीच म्हणणार नाही, दर शनिवारी सुपरमार्केटमध्ये चॉकलेटच्या रांगेपाशी काय होतं ते मला विचारा. पण चांगल्या कामाचं बिल कोणीतरी भरावं लागतं आणि ते इथे कार्यक्रमांनी भरलं. २०१९ मध्ये सरकारनं ५.७ कोटी पाउंडांचा एक फंड सुरू केला होता, बीबीसी सोडून इतर फुकट चॅनल्सनी मुलांसाठी नवीन काही बनवावं म्हणून. तीन वर्षं चालला, २०२२ मध्ये तोही संपला. चॅनल फाइव्हवर सकाळी 'मिल्कशेक' नावानं लहान मुलांचे कार्यक्रम लागतात अजून, ते सोडले तर मोठ्या चॅनल्समध्ये सगळा भार बीबीसीवर.

आणि फुकट फुकट म्हणतेय पण फुकट काही नाही बरं का. बीबीसी ज्या पैशावर चालते ते टीव्ही लायसन्स एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पाउंड झालं होतं. (ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं वेगळं स्वस्त लायसन्स आहे अजून, तेव्हा ५८.५० पाउंड होतं. नवरा दर वर्षी तो विनोद करतो.) सासूबाईंनी रुपयात हिशोब केला आणि मग म्हणाल्या, बघू देत हो पोरीला, पैसे भरलेत.

बीबीसीचं पण आटत चाललंय म्हणा. मोठ्या मुलांचं सीबीबीसी, तेही कधीतरी टीव्हीवरून काढून फक्त ऑनलाइन करायचं असं त्यांनी २०२२ मध्येच सांगून ठेवलंय, अजून चालू आहे एवढंच. मुलांच्या बातम्यांचा न्यूजराउंड १९७२ पासूनचा, त्याचं टीव्हीवरचं दुपारचं बातमीपत्र २०२० मध्ये बंद झालं, सकाळचं राहिलं कारण वर्गात शिक्षक तेच लावतात. राणी गेल्याचं, युक्रेनचं, सगळं आमच्या मोठ्याला तिथूनच कळलं आणि मला वाटतं माझ्यापेक्षा नीट समजलं. ब्लू पीटर हा बीबीसीचा मुलांचा कार्यक्रम १९५८ पासून चाललाय, तोही मार्च २०२५ नंतर लाइव्ह नाही, रेकॉर्ड करून दाखवतात.

ब्लू पीटरचा बॅज हे इथे मोठं प्रकरण आहे. पत्र लिहायचं, काही केलेलं असेल ते सांगायचं, आवडलं तर बॅज येतो. पर्यावरणासाठी काही केलं तर हिरवा. आम्ही क्राफ्टच्या दुकानातून माती आणून गणपती केला होता, सोंड दोनदा तुटली, बादलीत विसर्जन केलं आणि ते पाणी मागच्या अंगणात घातलं, त्याचं पत्र मोठ्यानं चित्रासकट पाठवलं. बरेच आठवडे काही नाही. मग एक दिवस पाकीट आलं, पत्र आणि हिरवा बॅज! त्या बॅजवर कार्ड मिळतं आणि ते दाखवून कितीतरी म्युझियम, किल्ले, प्राणिसंग्रहालयात मुलाला फुकट प्रवेश. आम्ही मागून तिकीट काढून. अॅपवरच्या कुठल्या कार्टूननं कधी कोणाला पत्राचं उत्तर पाठवलंय?

आता वेल्समध्ये राहणाऱ्यालाच दिसेल अशी एक गोष्ट. इथे एसफोरसी नावाचं वेल्श भाषेचं चॅनल आहे, १९८२ पासून, आणि त्यावर सकाळी 'किऊ' नावानं लहान मुलांचे कार्यक्रम लागतात, सगळे वेल्शमधून. किऊ म्हणजे कोंबडीचं पिल्लू. वेल्श येणारी माणसं किती, तर २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५ लाख ३८ हजार. आमच्या घरात वेल्श कोणालाच येत नाही पण शाळेत शिकवतात म्हणून मी ते लावते, आणि धाकटी आता रंग आणि आकडे वेल्शमध्ये म्हणते. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. आमच्या लहानपणी मुंबई दूरदर्शनवर 'किलबिल' असायचं. मागच्या महिन्यात सांगलीच्या भाचीला फोनवर विचारलं, काय गं, टीव्हीवर मराठीत काय बघतेस, तर तिनं एका मालिकेचं नाव घेतलं आणि त्यातल्या खलनायिकेनं सुनेच्या दुधात काय घातलं ते मला दहा मिनिटं सांगितलं. सात वर्षांची आहे.

मी काही सोवळी नाही. धाकटीला मराठी बडबडगीतं मी यूट्यूबवरच लावून देते, दुसरीकडे मिळणार कुठे. पण चार गाण्यांनंतर ते आपोआप कुठे जातं याकडे लक्ष ठेवावं लागतं, एकदा मी पोळ्या करून आले तर कोणीतरी मोठा माणूस प्लास्टिकची अंडी फोडून आतली खेळणी दाखवत होता आणि ही तोंड उघडं टाकून बघत होती, पाऊण तास. तिथे सात वाजत नाहीत ना कधी.

सासूबाई यंदा परत आल्यात. धाकटी आता साडेपाच वर्षांची. परवा संध्याकाळी गोष्ट झाली, गाणं झालं, पाटी आली, आणि सासूबाई सवयीनं उठून म्हणाल्या, "चला, दुकान बंद." धाकटीनं त्यांच्या हातातून रिमोट घेतला, बीबीसीचं आयप्लेअर अॅप उघडलं, मघाचाच कार्यक्रम शोधून लावला आणि पहिल्यांदाच आपणहून मराठीत बोलली.

"आजी, मागचं दार उघडंय."