आमची वाटचाल : गाड्यापासून पगारपत्रकापर्यंत

आमच्या धंद्यात पदार्थांच्या भावाचा बोर्ड दुकानाच्या दर्शनी भागात लावतात. पगाराचा आकडा मात्र कोणी कोणाला सांगत नाही. शेजारचा सँडविचवाला तेल कुठून आणतो, पावाची लादी त्याला कितीला पडते, हे सगळं मोकळेपणानं सांगेल. पोरांना किती देतोस असं विचारलं, की "चाललंय आपलं" म्हणून विषय बदलेल. आज आकडा सांगितला तर उद्या मी पाचशे वाढवून त्याचा पोऱ्या उचलीन, अशी त्याला धास्ती असते. ती अगदीच खोटी नाही. आमच्याकडे काही मुलं अशीच आली, आणि आमच्याकडून काही अशीच गेली.

२०११ साली आंबेगावला कॉलेजांच्या रस्त्यावर आम्ही वडापावचा गाडा लावला. ह्यांच्या हाताला चव होती आणि मला पतसंस्थेतल्या नोकरीमुळे वहीखात्याची सवय. तेव्हा पगार असा काही नव्हता. नणंदेचा मुलगा संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर हाताखाली यायचा, त्याच्या खिशात शंभर-दीडशे टाकले की झालं. लातूरकडून पहिला बाहेरचा मुलगा आला, तेव्हा सगळे ठरवतात तसंच आम्हीही ठरवलं : खाऊन-राहून अमुक इतके.

या 'खाऊन-राहून'बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यातली निम्मी खाण्याची दुकानं अजून त्यावरच चालतात. दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, झोपायला खोली आणि महिन्याअखेर रोख. त्यातले थोडे मुलाच्या हातात, बाकीचे गावी वडिलांना. मधे सणाला, लग्नाला, बहिणीच्या बाळंतपणाला उचल. मुलगा न सांगता पळू नये म्हणून सुरुवातीचा पंधरा दिवसांचा पगार मालक दाबून ठेवतो, तो सोडून जाताना मिळतो, कधी मिळतही नाही. या व्यवस्थेत पगार नेमका किती, हे दोघांनाही ठाऊक नसतं. मालक खोलीचं भाडं, गॅस, जेवण, सगळं धरून म्हणतो की मला पोरगं वीस हजारांना पडतं. मुलगा फक्त हातातली रोख मोजतो आणि म्हणतो, मला आठच मिळतात. दोघंही खरंच बोलत असतात. शिवाय खोली मालकाची असली की वेळही मालकाचीच होते. पहाटे पाववाला आला, उठव पोराला. रात्री अकराला कढई घासायची राहिली, तोच आहे. रोख रक्कम तासांनी भागून पाहिली तर मोठे आकडेही एकदम बारीक दिसतात.

२०१५ ला पक्कं दुकान घेतलं, माणसं वाढली आणि ही पद्धत चालेनाशी झाली. आम्हाला काही साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. आजूबाजूला डिलिव्हरीच्या टीशर्टातली मुलं दिसायला लागली, नंतर किराणा दहा मिनिटांत पोचवणाऱ्यांची गोदामं आली. तिथे तासांचा हिशेब फोनवर दिसतो, आणि रात्री झोपायला कोणाच्या खोलीवर जावं लागत नाही. आमच्या काउंटरवरचा चुणचुणीत मुलगा एका सोमवारी म्हणाला, "वहिनी, मी गाडी घेतली हप्त्यावर." पुढचं त्याला बोलावं लागलं नाही.

मग मी कागद घेऊन बसले. पहिला प्रश्न कायद्याचा. हॉटेल-उपाहारगृहांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं. त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्या आहेत, आणि भागानुसार परिमंडळं. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो, तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. पुष्कळ दुकानदारांना वाटतं, हे मोठ्या हॉटेलांसाठी असतं. तसं नाही. एक माणूस कामाला ठेवला तरी किमान वेतन लागू होतं. माणसांच्या संख्येची अट इतर गोष्टींना आहे : दहा झाले की ईएसआय, म्हणजे आजारपणासाठी आणि कामावरच्या इजेसाठी कामगारांचा राज्य विमा, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने सोडताना मिळणारी रक्कम; वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी म्हणजे पीएफ आणि बोनस.

ही दहा आणि वीसची पायरी आमच्या धंद्याचा आकार ठरवते, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दुकानाच्या वेळी, २०१९ ला, मला तीन वेगवेगळ्या जाणकारांनी तोच सल्ला दिला : एकोणीसवर थांबा, नाहीतर धायरीचं दुकान मिस्टरांच्या भावाच्या नावावर दाखवा. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात शाखा वेगळ्या धरत नाहीत, एकाच आस्थापनेचा भाग धरतात, हे सांगितल्यावर एकजण हसून म्हणाले, "ताई, एवढं कोण बघतं?" कोणी बघो न बघो, तेवीस माणसांच्या संसाराची वही दोन नावांत लिहायची ही कसरत मला झेपणारी नव्हती. आज आमची बावीस-तेवीस माणसं आहेत, दोन दुकानं आणि कच्च्या मालाचं एक स्वयंपाकघर मिळून, आणि सगळी एकाच पत्रकात.

एक आकडा मांडून दाखवते. हिशेबाला सोपा म्हणून वेतन १५,००० धरू. मालकाच्या बाजूने भविष्यनिर्वाह निधी आणि त्याचे किरकोळ आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआय सव्वातीन टक्के, ४८८. बोनस ८.३३ टक्क्यांनी महिन्याला साडेबाराशे पडतो, आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढायचे सातशेवीसच्या आसपास. बेरीज एकोणीस हजार चारशे. आता त्याच माणसाच्या हातात काय येतं? निधीचे १,८०० गेले, ईएसआयचे ११३, व्यवसायकराचे २००. राहिले १२,८८७. मी देते एकोणीस, त्याला दिसतात तेरा. या साडेसहा हजारांच्या दरीत आमच्याकडची जवळजवळ सगळी भांडणं झाली आहेत.

"वहिनी, पीएफ नको, हातातच द्या" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. मुलगा बावीस वर्षांचा आहे, वर्षभरात इथून जाणार हे त्याला माहीत आहे आणि मलाही. निधीचे पैसे काढायला गेलं तर आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, मग फेऱ्या. त्याची चिडचिड मला कळते. पण ईएसआयबद्दल मी कोणाचं ऐकत नाही. कढईशी काम आहे. एकदा घाणा काढताना झारा निसटला आणि तेल एकाच्या मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात उपचार झाले, आणि कामावरची इजा असल्यामुळे घरी बसल्या दिवसांचे वेतनाच्या नव्वद टक्क्यांनी पैसे त्याच्या खात्यात आले. त्या महिन्यानंतर कपातीबद्दलची कुरकुर बरीच कमी झाली. पगाराच्या दिवशी मी आता प्रत्येकाला चिठ्ठी देते. तिच्यावर डावीकडे त्याचे कापलेले, उजवीकडे मी भरलेले. उजवी बाजू वाचायला मुलांना वेळ लागला, पण वाचतात.

दुसरा प्रश्न, परवडतं किती? आमच्याकडे गल्ल्यातल्या शंभरातले अठ्ठावीस रुपये पगारात जातात. वडापावच्या धंद्यात हे जास्त आहे असं लोक म्हणतात, पण बटाटा अजून हातानेच सोलला जातो आणि चटणी अजून वाटली जाते. बावीस जणांना हजार-हजार रुपये वाढवले तर वरचं सगळं धरून महिन्याला साधारण साडेअठ्ठावीस हजार लागतात. दोन्ही दुकानांत मिळून महिन्याला पंचेचाळीस हजार प्लेट जातात. म्हणजे प्लेटमागे साठ-पासष्ट पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. अडचण अशी, की वडापाव साठ पैशांनी महाग करता येत नाही. आमचे भाव पाच-पाच रुपयांनी उडी मारतात. सुट्ट्या पैशांच्या दिवसांपासूनची ही सवय ऑनलाइन पैसे आले तरी गेली नाही. त्यामुळे एकदा भाव वाढवला की दीड-दोन वर्षं तो तसाच ठेवायचा, आणि त्या काळात पगार, तेल, १९ किलोचा सिलिंडर, सगळं वर जात राहतं. म्हणून आम्ही पगारवाढ पाडव्याला आणि भाववाढ कॉलेजं सुरू व्हायच्या आधी, अशी फारकत केली. भाव वाढवला की लगेच पगार वाढत नाही, आणि पगार वाढवायला भाव वाढायची वाट बघायची नाही. मुलांना पाडव्याची तारीख माहीत असते. निम्मी कटकट तिथेच मिटते.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. कोणाला किती? बाजाराची रीत अशी की कढईवरच्या वस्तादाला हेल्परच्या दुप्पट. आमच्या मसाल्याचं प्रमाण ठरलेलं आहे, वड्याचे गोळे स्वयंपाकघरातून वजनावर येतात. वस्तादाकडे उरतं ते तेलाची आच आणि पिठाचा घट्टपणा सांभाळणं. ते सोपं नाही, पण संध्याकाळी सहा ते नऊ काउंटरवर उभं राहून पाहा. चार जणांची ऑर्डर कानात, एकाचे पैसे आले की नाही हे स्पीकरवर ऐकायचं, पार्सलला लाल चटणी वेगळी, गोड वेगळी, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला "दोन मिनिटं, दादा" म्हणून थोपवायचं. सरकारी तक्त्यात हा मुलगा खालच्या पायरीवर आहे. तो आला नाही त्या दिवशी गल्ला पाचव्या भागाने पडतो. वस्ताद आला नाही तर हे स्वतः कढईवर उभे राहतात आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही.

म्हणून संध्याकाळच्या पाळीला आम्ही वेगळा भत्ता सुरू केला, आणि आल्यापासून सहा महिने टिकला की हेल्परला एक वाढ, वर्षाला दुसरी. वस्तादांना ते रुचलं नाही. दुपारी दुकान रिकामं असताना येऊन म्हणाले, "वहिनी, माझं कमी केलं नाही, मान्य. पण कालचं पोरगं आणि मी, यात फरक राहिला किती?" मी आकडे दाखवले. ते आकडे बघायला आलेच नव्हते. शेवटी त्यांच्याकडे नव्या मुलांना शिकवायचं काम दिलं, त्याचे पैसे वेगळे लावले, आणि त्यांच्या नावापुढे पत्रकात 'मुख्य कारागीर' लिहिलं. माणूस थांबला. पैशाने किती आणि त्या दोन शब्दांनी किती, ते मी विचारलं नाही.

बटाट्यापाशी बसणाऱ्या मावशींचा पगार मुलांपेक्षा कमी, ही पण बाजाराचीच रीत. रोज पन्नास किलोचं पोतं उकडायचं, सोलायचं, कुस्करायचं, वर कोथिंबीर, मिरच्या, लसूण. समान कामाला समान वेतनाचा नियम १९७६ पासून कायद्यात आहे. मालकांचं उत्तर ठरलेलं असतं : काम समान कुठे आहे? आम्ही दोन्ही दर एक केले तेव्हा मुलांनी नाही, शेजारच्या दुकानदारांनी तक्रार केली. त्यांच्याकडच्या बायका विचारायला लागल्या होत्या. मावशी मात्र गेल्या सात वर्षांत एकही सोडून गेलेली नाही, आणि गोळ्याचं वजन कधी चुकत नाही.

लॉकडाऊनचं थोडक्यात. मार्च २०२० ला मुलं गावी गेली. पुढे पार्सल सुरू झालं, ऑक्टोबरात बसून खायला परवानगी मिळाली. मधल्या काळात अर्धा पगार पाठवला, तेवढंच जमलं. जवळजवळ सगळे परत आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी वेतन संहिता लागू झाली. भत्त्यांचा भाग निम्म्याहून जास्त दाखवला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे ठेवून निधी वाचवायची युक्ती आता चालायची नाही. सोडून जाणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा, म्हणजे पंधरा दिवस दाबून ठेवायची पद्धतही कागदावर तरी संपली. आम्ही ती आधीच बंद केली होती. मुलं पळायची तेवढीच पळतात, जास्त नाही.

सध्या प्रश्न आहे विद्यार्थ्यांचा. कॉलेजची मुलं संध्याकाळी तीन तास काम मागतात. तासाचा दर लावायचा तर रोजाला आठाने भागून जे येतं त्यात कोणी येणार नाही, आणि जास्त दिला तर पूर्णवेळ मुलं विचारणार, आमचा तास स्वस्त का. ह्यांचं म्हणणं, गर्दीचा तास महागच असतो, द्या. माझं म्हणणं, मग तो सगळ्यांनाच द्यायला हवा, आणि त्याला महिन्याला सोळा-सतरा हजार लागतील. पाडव्याच्या आत ठरवायचं आहे.