मामांच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस निवडताना

मामांचा फोन आला तेव्हा आवाज पार पडलेला होता. "अगं, कॉम्प्युटरला पाच व्हायरस लागलेत. उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय. मुदत संपली, पैसे भरा म्हणतंय. पण मी मागच्याच महिन्यात भरले ना! तू एक चांगला अँटिव्हायरस बघून दे, म्हणजे एकदाचं सुटलो."

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. त्यात अख्खा शनिवार-रविवार गेला, आणि त्यातला निवडीचा भाग सगळ्यात लहान निघाला.

कॉम्प्युटर सुरू होऊन माउस हलायला लागेपर्यंत मामा पेपरचं एक पान वाचून काढायचे. कारण खाली घड्याळाशेजारीच दिसलं: दोन अँटिव्हायरसची दोन चिन्हं. एक कॉम्प्युटरबरोबर चकटफू आलेला, त्याची मुदत कधीच संपलेली आणि तो आता जास्त करून पैसे मागायचंच काम करत होता. दुसरा मामांनी स्वतः विकत घेतलेला. अँटिव्हायरस उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलच्या मध्ये उभा राहून ती तपासतो. तिथे दोघं उभे राहिले की एकच फाइल दोनदा तपासली जाते, वर दोघं एकमेकांवर संशय घेतात. मामांना मात्र दोन कुलुपं म्हणजे दुप्पट सुरक्षा असं वाटत होतं. कुणालाही वाटेल.

आता ते पाच व्हायरस. मी वाट बघत बसले. दहा मिनिटांत कोपऱ्यात चौकट सरकत आली: लाल ढाल, उद्गारचिन्ह, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे". मामांनी लगेच बोट दाखवलं, "हेच!" मी चौकटीच्या जवळ जाऊन बारीक अक्षरं वाचली. वर ब्राउझरचं नाव होतं आणि खाली कुठल्यातरी भलत्याच वेबसाइटचा पत्ता. म्हणजे कुठल्याच अँटिव्हायरसचा याच्याशी संबंध नव्हता. ती निव्वळ जाहिरात होती. कधीतरी एका पानावर "तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा" असं आलं असणार आणि मामांनी इमानदारीत दाबलं असणार. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली तर अशा अकरा साइटना परवानगी दिलेली. अकराही काढून टाकल्या, आणि पाचही व्हायरस गेले!

मागच्या महिन्यातले पैसेही अशाच एका चौकटीवर क्लिक करून गेले होते. सॉफ्टवेअर निदान खरं होतं, एवढंच नशीब. पण दर वर्षी कार्डावरून आपोआप रक्कम कापायची परवानगी त्यात आधीच टिक केलेली होती. ती बंद करायचं बटण शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

मग निवड. अँटिव्हायरसच्या चाचण्या घेणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत. जर्मनीतली एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तीन गोष्टींना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १८ पैकी गुण देते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज्‌ निर्दोष फाइलला किती वेळा उगाच व्हायरस ठरवलं, हेही मोजते. दोन्हींचे निकाल घेऊन बसले, तर वरच्या रांगेतल्यांमध्ये फरक अगदी किरकोळ. आणि त्याच रांगेत विंडोजबरोबर येणारा डिफेंडरही होता. एके काळी त्याला कुणी फारसं विचारत नसे. आता तसं राहिलेलं नाही.

मामा नेमकं काय करतात ते मी कागदावर मांडलं: बँक, बिलं, नातवाशी व्हिडिओ कॉल, जुने फोटो स्कॅन करणं, आणि पत्त्यांचा डाव. पैसे देऊन मिळणाऱ्या पॅकेजमध्ये इंटरनेटवरची ये-जा झाकणारं व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारी तिजोरी, मुलांवर नजर, कॉम्प्युटरची "साफसफाई" असं बरंच काही होतं. मामांना यातलं एकही लागणार नव्हतं. उलट त्यातली प्रत्येक गोष्ट अधूनमधून कोपऱ्यात डोकं वर काढणार, आणि मामांचं दुखणं नेमकं तेच होतं. कमीत कमी बोलणारा अँटिव्हायरस हवा, एवढी एकच कसोटी मी धरली. त्यात डिफेंडर बसला.

मामांना पटलं नाही. "फुकटचं ते काय कामाचं?"

"फुकट नाहीये, मामा. विंडोज घेतलंत तेव्हाच त्याचे पैसे दिलेत."

यावर ते गप्प बसले, पण चेहरा "बघू" म्हणत होता.

दोन्ही जुने अँटिव्हायरस नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केले. एक सरळ गेला, दुसऱ्याने मागे इतका पसारा ठेवला की त्याच्याच कंपनीचं काढून टाकण्याचं वेगळं टूल चालवावं लागलं. रीस्टार्ट केल्यावर डिफेंडर आपणहून जागा झाला.

खरी गंभीर गोष्ट मला त्यानंतर दिसली. मशीनवर अजून विंडोज १० होतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस विंडोजमधल्या एका भोकातून पसरला, तेव्हा ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते प्रामुख्याने अडकले. भिंतीलाच भगदाड असेल तर दारावरचा पहारेकरी किती पुरणार? मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत होतं. रात्री अपग्रेड लावून झोपले.

एक चूक माझीही झाली. खंडणीखोर व्हायरसपासून फोटो वाचवायला मी "कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस" चालू केलं. अनोळखी प्रोग्रॅमला ते फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहूच देत नाही. पण मामांच्या स्कॅनरचा प्रोग्रॅमही त्याला अनोळखीच! रविवारी सकाळी मामींचा एक जुना फोटो चार वेळा स्कॅन झाला आणि चारही वेळा गायब. त्या प्रोग्रॅमला परवानगी देता आली असती, पण पुढचा कुठला अडेल ते सांगता येत नव्हतं. मी ते बंद केलं आणि फोटोंची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची, लावून ठेवायची नाही.

मामांचं खातंही साधं केलं, अॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवला. "माझ्याच कॉम्प्युटरवर मलाच परवानगी लागणार?" याचा राग दुपारपर्यंत टिकला.

सगळं आवरलं, तरी मूळ अडचण शिल्लक होतीच. खरी सूचना आणि खोटी सूचना, दोन्ही त्याच कोपऱ्यात येणार. म्हणून मी ठरवलं की मामांना खरी दाखवायची. आयकार नावाची एक ठरलेली ६८ अक्षरांची ओळ आहे. पूर्णपणे निरुपद्रवी, पण झाडून सगळ्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस समजायचं असा संकेत आहे. ती नोटपॅडमध्ये टाकली आणि मामांनाच सेव्ह करायला लावली. दोन-तीन सेकंदांत चौकट आली आणि फाइल जागेवरून उचलली गेली. मामा खुर्चीत पुढे सरकले. "पैसे नाही मागितले?" नाही मागितले. मग ठरलं: कोपऱ्यात काहीही येवो, त्यावर क्लिक करायचं नाही. खालची ढाल स्वतः उघडायची. हिरवी खूण असेल तर चहा प्यायला उठायचं, नसेल तर मला फोन.

आता मामा रोज सकाळी ढाल उघडतात. परवा फोन आला. "आजही शून्य धोके म्हणतोय. तीन आठवडे झाले, रोज शून्य. नक्की जागा आहे ना तो? नाहीतर ती तुझी ६८ अक्षरांची ओळ पाठव, परत एकदा टाकून बघतो."